काट्यावरच्या बाईसाहेब

तीर्थरूप मामा यांना,

भाचीचा नमस्कार. साष्टांग घालता येत नाही, कारण लिलावाच्या दिवसापासून माझी पाठ धरली आहे. ती का धरली हे पुढे ओघात येईलच. तुमच्या खुब्याचं हाड कसं आहे? काठीशिवाय पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना तुम्ही काठी मामींच्या हातात देऊन गॅलरीत फिरून येता, हे मला मामींकडून कळलं आहे. त्यांचे गुडघे कसे आहेत? ताईच्या इमारतीतली लिफ्ट चालू झाली का? नसेल तर वरून खाली बघत बसणं एवढाच तुमचा उद्योग असणार, आणि अशा माणसाला लांबलचक पत्र लिहायला हरकत नाही. फोनवर तुम्ही रोज "गेली का? कुणाकडे गेली?" एवढंच विचारता आणि मी "सविस्तर लिहिते" म्हणून फोन ठेवते, तेव्हा हे घ्या सविस्तर. बाईसाहेबांचं काय झालं ते शेवटी आहे. मधलं गाळून थेट तिथे जाऊ नका, कारण मधलं वाचल्याशिवाय शेवटचं माझ्या बाजूने दिसणार नाही.

आधी हे नोंदवून ठेवते की एका गाईला 'बाईसाहेब' म्हणणं आणि तिच्यासाठी 'आल्या, गेल्या, बसल्या' अशी क्रियापदं वापरणं मला पटत नाही. या पत्रात मी तसं करते आहे ते केवळ तुमच्या खुब्याकडे बघून.

हे काम तुम्ही मला दिलंत त्याचं कारणही मला तेव्हाच पटलं नव्हतं. "तिथला काटा तूच बसवलास, तुला सगळे ओळखतात," असं तुम्ही म्हणालात. काटा मी बसवला हे खरं आहे. रिंगणाच्या मधोमध लोखंडी पाटा आहे, त्याच्या चार कोपऱ्यांखाली भार मोजणारी चार यंत्रं आहेत, आणि पाट्यावर उभ्या राहिलेल्या जनावराचं वजन वरच्या फलकावर लाल आकड्यांत दिसतं. पण काटा बसवताना मी पाट्याखाली होते. पाट्याखाली असलेल्या माणसाला कोणी ओळखत नाही. त्या दिवशी ज्यांनी मला ओळखलं त्यांनी "त्या काट्यावाल्या तुम्हीच ना?" असं विचारलं, आणि विचारण्याच्या सुरावरून 'हो' म्हणावंसं वाटलं नाही.

तुमच्या सूचना दोन होत्या. तुम्ही सांगितलेला आकडा आला की सौदा करायचा ही पहिली. आणि बाईसाहेबांना दूधवाल्यालाच द्यायचं, वजनवाल्याला मुळीच नाही, ही दुसरी. मामा, मी शिकले त्या शाखेत दोन अटी एकमेकींना छेद देऊ लागल्या की एक गाळतात. दूधवाला जनावर आपल्या गोठ्यात नेतो. वजनवाला ते किलोंच्या हिशेबाने घेतो, आणि त्यानंतर ते जनावर कुणाला दिसत नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण विकायचंच ठरल्यावर घेणाऱ्याच्या मनात शिरू नये असं माझं मत होतं. तुम्ही लेकीकडे राहायला गेलात आणि ताईच्या घरी गोठा नाही, तुमचा गोठा महिन्याअखेर दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, तुम्हाला वाकता येत नाही, म्हणून गाय विकायची. इतकं स्वच्छ गणित असताना त्यात दुसरी अट कशाला? मी मनातल्या मनात ती गाळूनच निघाले होते. (हे आधी सांगितलं नाही, कारण तेव्हा तुमच्या हाडाला धक्का सोसवला नसता.)

'लेकरासारखी गरीब आहे' या तुमच्या वर्णनाबद्दल मी फार लिहीत नाही. आमच्या कंपनीचा टेम्पो मागून घेतला होता. एरवी त्यातून काटे तपासायची लोखंडी वजनं नेतात. वजनं चढताना मागे वळून बघत नाहीत. बाईसाहेबांनी फळीवर एक पाय ठेवला, फळी नापसंत केली, आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला उजव्या पायाने अशी काही लाथ मारली की तो बराच वेळ मला 'मॅडम' म्हणायचं विसरला. त्यात त्याने उन्हासाठी छत्री उघडली. छत्री पाहिल्यावर हे लेकरू दावं तोडून गोठ्याच्या मागे जाऊन उभं राहिलं. छत्रीचं तुम्ही मला का सांगितलं नाहीत? एवढी मोठी गोष्ट तुमच्या लक्षात राहिली नाही, आणि कानामागे खाजवलेलं आवडतं हे मात्र तीनदा सांगितलंत.

आता बाजार. तुमची उभी हयात त्या आवारात गेली, म्हणून तुम्हाला ते आवार म्हणजे अगदी प्रतिष्ठित ठिकाण वाटतं. बाहेरून येणाऱ्याला तिथे काय दिसतं ते लिहिते. फाटकावर पशुवैद्य बसलेले असतात. ते जनावराच्या नाकाकडे, डोळ्यांकडे आणि खुरांकडे बघतात, कानातला बिल्ला वाचतात आणि आत सोडतात. त्यानंतर जनावराच्या पाठीवर क्रमांकाचा कागद चिकटवतात. (बाईसाहेबांनी तो शेपटीने उडवला आणि तो माझ्या बाहीला चिकटला. मला पत्ताच नव्हता. दोन गिऱ्हाइकं आली, क्रमांक वाचला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मान हलवून पुढे गेली. त्यांना माझ्यात काय कमी वाटलं हे मी विचारलं नाही.) मग जनावर लोखंडी कठड्यांच्या कप्प्यात बांधायचं आणि आपली पाळी येईपर्यंत शेजाऱ्यांची लबाडी बघत बसायचं.

ही लबाडी बघण्यासारखी असते. माझ्या डावीकडच्या गृहस्थाने गाईची धार आदल्या दिवसापासून काढलीच नव्हती, म्हणजे कास तट्ट फुगलेली दिसावी. ती बिचारी पाय फाकवून उभी होती आणि तो "बघा, बघा, दूध मावत नाही" म्हणून सगळ्यांना बोलावत होता. उजवीकडच्याने रात्री मीठ चारलं होतं आणि काट्यावर जाण्याआधी तो बादलीमागून बादली पाणी पाजत होता. मी त्याला शांतपणे सांगितलं की हे पाण्याचं वजन आहे, संध्याकाळपर्यंत निघून जाईल. तो म्हणाला, "संध्याकाळी ती माझी कुठे असणार?" एकाने शिंगांना तेल लावलं होतं, एकाने म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यांभोवतीचे पांढरे केस काळे केले होते आणि आपले विसरला होता. गंमत म्हणजे हे सगळं घेणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ते कास दाबून बघतात, ओठ वर करून दात बघतात, जनावराला चालवून मागून बघतात, आणि विक्रेता सांगेल त्याच्या निम्मं खरं धरतात. म्हणून विक्रेता दुप्पट सांगतो. अख्खा बाजार असा एका ठरलेल्या चुकीवर चालतो, आणि दोन्ही बाजूंना आपणच समोरच्याला शेंडी लावली असं वाटत असल्यामुळे सगळे आनंदाने घरी जातात.

घेणाऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. ज्याला जे जनावर हवं असतं त्याच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. नको असलेल्या जनावरापाशी उभा राहून त्याची तोंड फाटेस्तोवर स्तुती करतो. बोली लावायला प्रत्येकाला क्रमांकाचा पुठ्ठा दिलेला असतो, पण पुठ्ठा वर करणं हे नवख्याचं लक्षण. मुरलेला माणूस भुवई उडवतो, कानाची पाळी ओढतो, नाहीतर नुसती जांभई देतो, म्हणजे शेजारच्याला कळू नये. आणि शेजारचा त्याच्याच टोळीतला असतो! वजनवाले सगळे आदल्या दिवशीच ठरवून येतात की कुठल्या जनावरावर कुणी बोलायचं. त्यांचा म्होरक्या गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट घालतो. त्या आवारात, त्या शेणाच्या राड्यात, त्याच्या बुटांवर एक डाग नव्हता. माणसं त्याला 'पांढरे बूट' म्हणतात आणि वाटेतून बाजूला होतात. तो आमच्या कप्प्याशी आला, बाईसाहेबांच्या पाठीवरून डोळा फिरवला, मुठीत मांडी धरून बघितली आणि म्हणाला, "ताई, दमलीय ही. घरी उगाच ओझं." मी म्हटलं, लिलावात बोला. तो हसला. दात चांगले होते त्याचे. त्या आवारात तेवढेच न तपासलेले.

आता माझ्या चुकीकडे येते. चूक म्हणते ती तुमच्या समाधानासाठी. मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. रिंगणात जाण्याआधी टेबलापाशी कारकून विचारतो, "काही दोष?" या प्रश्नाला त्या बाजारात "आहे थोडं वयाचं" असं उत्तर देतात, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. (तुम्हीही नाही.) मी सांगितलं की चार सडांपैकी एक बंद आहे, वय उतरणीचं आहे, उजवीकडून गेल्यास लाथ बसते, छत्री चालत नाही, एकटं ठेवल्यास हंबरते, आणि पहिल्या धारेआधी कोणालातरी बोलत राहावं लागतं. कारकुनाने लिहिता लिहिता दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

रिंगणाची पद्धत तुम्हाला पाठ आहे, तरी ती लिहिते. मुद्दाम लिहिते, म्हणजे ती कागदावर किती हास्यास्पद दिसते ते तुम्हाला कळेल. जनावर पाट्यावर उभं करतात. विक्रेता कठड्याबाहेरच्या चौथऱ्यावर उभा राहतो आणि कठड्यावरून हात घालून जनावराच्या पाठीवर ठेवतो. पुकारणारा बोली चढवत जातो. हात पाठीवर आहे तोवर जनावर विक्रेत्याचं. हात काढला की शेवटची बोली पक्की, मग देव आला तरी बदल नाही. दोन गिऱ्हाइकं भिडलेली असतील तर ठीक. पण एकच उरलं असेल आणि विक्रेता हात काढत नसेल, तर त्या एकट्याला विक्रेत्याच्या हाताविरुद्ध बोली वाढवत न्यावी लागते. पुकारणाऱ्याने तीनदा 'हात?' विचारूनही हात निघाला नाही तर तो 'परत!' म्हणून ओरडतो आणि जनावर आल्या वाटेने जातं. बोटांचे ठसे, संगणक, उपग्रह असं सगळं निघालेलं असताना लाखमोलाचे सौदे एका तळहातावर चालतात. आणि हात प्रेमाने ठेवतात असं समजू नका. सगळे खाली दाबतात, म्हणजे फलकावर दोन-चार किलो वाढावेत. माझा काटा अर्ध्या किलोचा फरक सांगेल असा मी जुळवला होता, आणि ही माणसं त्याच्यावर पाळीपाळीने रेलत होती.

पाळीची वाट बघताना विक्रेत्यांच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा होते. सगळा बाजार त्यांना 'परतवाले' म्हणतो. तुम्ही ओळखत असाल. हे गृहस्थ कित्येक वर्षांपासून तोच बैल विकायला आणतात, त्याला पाट्यावर उभा करतात, चांगली बोली येऊ देतात, आणि हात काढत नाहीत. आवाराचं भाडं भरून बैल घरी नेतात आणि पुढच्या बाजाराला पुन्हा हजर. मी विचारलं, विकायचा नाही तर आणता कशाला? ते म्हणाले, "त्याची किंमत किती होतेय ते कळायला नको?" मी विचारलं, कळून काय करता? "घरी जाऊन त्याला सांगतो." इतका निर्बुद्ध माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मी बाकावर शक्य तेवढं लांब सरकून बसले.

मग आमची पाळी आली. पुकारणाऱ्याला बाजारात 'भोंगा' म्हणतात. त्याच्यापुढे ध्वनिवर्धक आहे, त्याची गरज नसताना. त्याने बाईसाहेबांचा क्रमांक पुकारला आणि कारकुनाने लिहिलेलं वाचायला घेतलं. एक सड बंद. वय उतरणीचं. उजवीकडून लाथ. इथवर लोक चुळबुळत होते. छत्री चालत नाही, म्हटल्यावर मागून हसू आलं. एकटं ठेवल्यास हंबरते. "अहो, गाय दाखवताय का मुलगी?" असं वरच्या पायरीवरून कोणीतरी ओरडलं आणि सगळं रिंगण खदखदलं. भोंग्याने गंभीरपणे विचारलं, "आणखी आहे, वाचू?" मी म्हटलं, वाचा, अपुरं वाचू नका. दूधवाल्यांमध्ये एक जाडजूड बाई पुढे बसल्या होत्या, त्यांचा मोठा गोठा आहे म्हणे. त्यांनी कप्प्यात बाईसाहेबांना दोनदा येऊन पाहिलं होतं आणि माझा अंदाज होता की त्या घेतील. त्या शेजारणीला म्हणाल्या, "एवढं तोंडाने सांगतेय, म्हणजे पोटात किती ठेवलं असेल!" झालं. जिथे प्रत्येक जण दोषाचं निम्मंच सांगतो तिथे मी पूर्ण सांगितलं, आणि त्यांनी सवयीने त्याची दुप्पट केली. दूधवाले हाताची घडी घालून बसले. त्यातूनही त्या बाईंना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी पायापाशी ठेवलेली छत्री उचलली आणि फाडकन उघडली.

बाईसाहेब आडव्या आल्या. मागे जागा नव्हती, पुढे फाटक बंद, म्हणून त्या कठड्याकडे आल्या, म्हणजे माझ्याकडे. मान कठड्यावरून बाहेर काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि अख्खं अंग रेलून दिलं. मी एका हाताने कठडा धरलेला, दुसरा तिच्या पाठीवर, आणि पाठीचा कणा या दोहोंच्या मधे. वरच्या फलकावरचे लाल आकडे भराभर खाली येऊ लागले. हे अगदी साधं आहे. कठडा पाट्यावर नाही, मीही पाट्यावर नाही. जनावराने बाहेरच्या वस्तूवर भार टाकला की तेवढा भार काट्याला दिसत नाही. पण विक्रेत्यांच्या बाकावर लगेच हाकाटी उठली: "काटा खातोय! वजनवाल्यांनी काटा फितवला!" आणि त्या गदारोळात उभं राहून माझ्या काट्याची बाजू घेणारा एकच माणूस निघाला. पांढरे बूट. "काटा सोळा आणे खरा आहे," तो म्हणाला. "भोंगेसाहेब, दिसतंय ते वजन धरा आणि पुकारा." त्याच्या टोळीतले बाकीचे आकडा घसरताना बघून त्याला 'सोड' म्हणून खुणावत होते. त्याने मात्र मांडी मुठीत धरून पाहिलेली होती. मामा, माझ्या कामाची आजवर एकाच माणसाने जाहीर प्रशंसा केली, आणि ती अशी.

मी बोलले नसते तर बरं झालं असतं, पण काट्याची बदनामी माझ्याच्याने ऐकवेना. मी चौथऱ्यावरूनच सांगितलं की काटा बरोबर आहे, गाय चुकीची उभी आहे. मग भार कसा वाटला जातो, चार कोपऱ्यांचं मापन कसं एकत्र होतं, जनावराशिवाय पाटा शून्यावर कसा आणतात, हे शक्य तितक्या सोप्या भाषेत समजावायला घेतलं. सगळे गप्प झाले. मला वाटलं, ऐकताहेत. ते बोली ऐकत होते. मी बोलत असताना भोंगा पुकारत होता, माझा हात पाठीवरच असल्यामुळे पांढरे बूट माझ्या हाताविरुद्ध एकटाच चढत होता, आणि मी 'शून्य' या शब्दापाशी पोहोचले तेव्हा तुमचा आकडा येऊन पुढे गेलेला होता.

"बाई, इथे वर्ग भरलेला नाही," भोंगा म्हणाला. "हात?"

मी म्हटलं, आकडा स्थिर झालेला नाही.

"कुठला आकडा?"

मी फलकाकडे बोट दाखवलं. बाईसाहेब श्वास घेत होत्या, त्यामुळे शेवटचे दोन लाल आकडे हलत होते. पांढऱ्या बुटाने जांभई देऊन बोली आणखी वाढवली. "काढा ताई हात," तो मऊ आवाजात म्हणाला, "खांदा भरून येईल. गाडी दारात उभी आहे." भोंग्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, वाचन स्थिर झाल्याशिवाय सौदा करणं माझ्या पेशात बसत नाही. आणि ते खरंच आहे, कुठल्याही पुस्तकात बघा. त्या वेळी फलकावर जे वजन कमी दिसत होतं ते कुठेतरी गेलेलं नसतं. ते असतंच. ते कुठे होतं, हे त्या रिंगणात फक्त मला माहीत होतं, आणि मला नीट उभंही राहता येत नव्हतं. भोंग्याने तिसऱ्यांदा विचारलं. मी फलकाकडे बघत राहिले. कोणीतरी "काय बाई आहे!" म्हणालं, ते गाईला की मला हे समजलं नाही.

मग तो "परत!" म्हणून ओरडला. त्या सबंध आवारात टाळी वाजवणारा एकच माणूस होता, आणि तो कोण हे तुमच्या लक्षात आलं असेल. फाटकाशी भाडं भरताना तोच माझ्यापुढे उभा होता, बैलासह. म्हणाला, "पहिल्या खेपेला जरा ओशाळल्यासारखं होतं. पुढच्या बाजाराला लवकर या, माझ्या शेजारची जागा धरून ठेवतो. सावली असते." मी त्याला स्पष्ट सांगितलं की पुढची खेप येणार नाही. "मीसुद्धा हेच म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि बैलाला घेऊन गेला.

तेव्हा बाईसाहेब विकल्या गेल्या नाहीत. कारण पूर्णपणे तांत्रिक आहे. सध्या त्या सुरक्षित ठिकाणी आहेत आणि तुम्हाला काळजीचं कारण नाही. माणसांनी इतक्या वर्षांत इतकी प्रगती करूनही जनावर विकण्याची याहून शहाणपणाची रीत काढली नाही याचं मला नवल वाटतं, आणि पुन्हा त्या आवारात मी पाऊल ठेवलं तर पाट्याखालीच ठेवीन. मामींना नमस्कार. ताईला म्हणावं, लिफ्टवाल्यांना लेखी कळव, फोनवर ते ऐकत नाहीत. काठी मामींच्या हातात देऊ नका.

तुमची (एक आदेश वगळता) आज्ञाधारक,
भाची

ता. क. पत्र बंद करण्याआधी एक तांत्रिक दुरुस्ती. बाईसाहेबांना खांद्याने ढकलून सरळ उभं केलं असतं तर आकडा लगेच स्थिर झाला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणखी एक. सुरक्षित ठिकाण म्हणजे माझ्या क्वार्टरमागची कंपनीची शेड. तिथली तपासणीची वजनं मी भिंतीलगत रचली आहेत. एकटं ठेवल्यास हंबरते हे मी जाहीर केलं होतं ते शंभर टक्के खरं निघालं, म्हणून हे पत्र मी शेडमध्ये, वजनांवर बसून लिहिते आहे. आईला यातलं काही कळवू नका. माझ्या हातून कुंडीतलं रोपसुद्धा जगत नाही असं ती म्हणते. ते रोप काल हिने खाल्लं.

खरं काम राहिलंच. ही गाय मला द्या. तुमचा आकडा मी पाठवते. स्वतःच्या जनावरावर बोली लावायला बाजारात मनाई आहे, पण गाय तुमची होती आणि माझा फक्त हात होता, तेव्हा नियमात बसतं. शेड मी मॅनेजरसाहेबांना विचारून घेतली आहे. त्यांची अट एवढीच की ती काट्यांपासून लांब राहावी, आणि काट्यांबद्दलचं तिचं मत पाहता ती अडचण येणार नाही. तुमची दुसरी अटही पाळली जाते. मी वजनवाली असले तरी घेते आहे दुधासाठीच.

शेवटचं. दूध मला काढता येत नाही. टेम्पोचा ड्रायव्हर काढतो, डावीकडून, पण त्याला ती निम्मंच देते आणि मान वळवून दाराकडे बघत राहते. पहिल्या धारेआधी तुम्ही तिच्याशी काय बोलायचात? मी भार आणि मापन यांच्याबद्दल बोलून पाहिलं, उपयोग झाला नाही. तेव्हा तुमच्या आवाजात काहीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. काय बोलता ते महत्त्वाचं नाही, हवामान चालेल, खुब्याबद्दल चालेल. फक्त फार गोड बोलू नका, मामा. पुढे तिला माझ्या आवाजावर आणायचं आहे.